गिअर बूट काढून चामड्याचा शिवून घ्यायचाय? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात गाड्यांच्या सीट कव्हरचं आणि आतल्या चामड्याचं काम करतो. अख्ख्या सीटबद्दल जेवढे मेसेज येत नाहीत, तेवढे गिअरच्या दांड्याभोवतीच्या त्या वीतभर तुकड्याबद्दल येतात. फाटलेल्या बुटाचा फोटो आणि खाली एक ओळ: ‘दादा, याला काय करता येईल?’ तेच तेच उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्नांना नंबर दिलेत. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगणार नाही, तिथला नंबर देईन.

१. गिअर बूट म्हणजे नेमकं काय? दुकानदार ‘कव्हर’ म्हणतो, मेकॅनिक ‘बूट’ म्हणतो.

बहुतेक वेळा दोघंही एकाच वस्तूबद्दल बोलत असतात. गिअरच्या दांड्याला खालून वर निमुळता होत जाणारा जो पिशवीसारखा भाग असतो, तो बूट. खालच्या बाजूने तो प्लास्टिकच्या चौकटीला (आम्ही तिला फ्रेम म्हणतो) चिकटवलेला असतो, आणि ती फ्रेम कन्सोलमध्ये (दोन सीटांमधल्या प्लास्टिकच्या भागात) खटक्यांवर बसते. वरचं तोंड नॉबच्या, म्हणजे दांड्यावरच्या मुठीच्या, खाली आवळलेलं असतं.

घोळ होतो तो याच्या खाली बऱ्याच गाड्यांत आणखी एक रबरी बूट असतो म्हणून. वरचा चामड्याचा किंवा रेक्झीनचा बूट हा दिसण्यासाठी. खालचा रबरी बूट धूळ, गरम हवा, रस्त्याचा आवाज आणि पावसाचं पाणी अडवतो. या पानावर आपण वरच्या बुटाबद्दल बोलतोय. खालचा घरी शिवायचा नसतो, तो कंपनीचाच घ्यायचा.

२. माझा बूट एका घडीवर चिरलाय. लगेच बदलायलाच हवा का?

फक्त वरचा चिरला असेल तर गाडी चालवायला काही धोका नाही. पण एकदा बोट घालून खालचा रबरी बूट शाबूत आहे का ते बघा. तोही फाटला असेल तर आधी तो बदला. नाहीतर विजापूर रोडची धूळ आणि इंजिनची धग दोन्ही गाडीत येणार, आणि वर कितीही भारी चामडं लावलं तरी उपयोग शून्य.

३. कंपनीचा बूट चार-पाच वर्षांतच का फाटतो? आणि चामडंच का, नवीन रेक्झीन का नको?

कंपनीचा बूट बहुतेक गाड्यांत रेक्झीनचा असतो, म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा किंवा पीयूचा थर. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला मऊ ठेवायला तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हात ते द्रव्य हळूहळू उडून जातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, आणि बंद काचांच्या गाडीत उन्हात आतलं तापमान साठच्या पुढे सहज जातं. थर कडक होतो, आणि बूट तर रोज त्याच चार घड्यांवर दुमडतो. मग चिरणार नाही तर काय होणार?

चामड्याची मजबुती थरावर नसते, ते आतून तंतूंचं विणलेलं आहे. घडीवर सुरकुतेल, पण चिरायला खूप काळ लागतो. नवीन रेक्झीन लावू नका असं मी म्हणत नाही. गाडी दोन वर्षांत विकायची असेल तर रेक्झीनच लावा, खर्चही कमी.

४. कोणतं चामडं घ्यायचं?

शेळीचं, क्रोम पद्धतीने (म्हणजे क्रोमियमच्या क्षारात) कमावलेलं, जाडी साधारण ०.८ ते १ मिलिमीटर. माझ्याकडे विचाराल तर उत्तर इथेच संपतं. तरी कारणं सांगतो.

शेळीचं चामडं पातळ असूनही चिवट असतं आणि त्याचा दाणा बारीक, उठावदार असतो, त्यामुळे ओरखडे लपतात. आणि या बाबतीत आपण नशीबवान. उस्मानाबादी शेळी, ती काळी, आपल्या सोलापूर-धाराशिव पट्ट्यातलीच. मटणासाठी जेवढी नावाजलेली तेवढीच कातडीसाठीही. मेंढीचं चामडं हाताला लोण्यासारखं लागतं, पण ते ताणतं आणि लवकर सोलवटतं. वापरायचंच तर आतून पातळ कापडाचं अस्तर हवं. म्हशीचं टिकाऊ, पण जाड, ते १.२ मिलिमीटरच्या खाली तासून मिळत नसेल तर नको. जाड चामडं घडी घेत नाही, आणि घडी न घेणारा बूट गिअरशी भांडतो. त्याचं पुढचं रामायण प्रश्न १४ मध्ये.

क्रोमचा आग्रह यासाठी की ते मऊ राहतं आणि उष्णता व ओल दोन्ही सोसतं. दुकानात ओळखायची सोपी खूण म्हणजे कापलेल्या कडेकडे बघा. मधला भाग निळसर-करडा दिसला तर बहुधा क्रोम. तपकिरी दिसला आणि झाडाच्या सालीसारखा वास आला तर सालीत कमावलेलं.

५. कोल्हापुरी चपला करणाऱ्या कारागिराकडून चामडं घेतलं तर? ते तर अस्सल असतं.

अस्सल असतं यात वाद नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आपला सोलापूरही आहे. पण ते चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, पायाखाली झिजायला केलेलं. ताठ असतं. उन्हात काळपट होतं, भिजून वाळलं की आक्रसतं. बुटाला हवं नेमकं याच्या उलट.

कारागीर मात्र सोडू नका. रापीने (चामडं तासायच्या सुरीने) कड तासावी तर त्यांनीच. तुमचं शेळीचं चामडं घेऊन जा आणि कडा तासून मागा. अर्ध्या तासाचं काम असतं, आणि शिवण इतकी सपाट बसते की मशीनवाल्यालाही समाधान वाटतं.

६. घरात विचारतात, हे कातडं कशाचं आहे? काय सांगू?

जे आहे ते सांगा. आणि त्यासाठी आधी दुकानदाराला विचारा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. आम्ही वापरतो ते शेळी, मेंढी किंवा म्हशीचं. ‘आयात’ असं मोघम सांगून दिलेलं चामडं घ्यायचं नसेल तर स्पष्ट नाही म्हणा.

ज्यांना कुठलंच कातडं नको (आमच्याकडे अशी बरीच लिंगायत आणि जैन घरं येतात), त्यांच्यासाठी मायक्रोफायबर हे कृत्रिम चामडं आहे. ते रेक्झीन नव्हे. त्याचा तंतू बारीक असतो, घडीवर चांगलं टिकतं. कापणं, शिवणं, बसवणं सगळं खाली सांगितल्याप्रमाणेच.

७. किती चामडं लागेल? मला अख्खं कातडं घ्यायला लावतायत.

बहुतेक कारना दीड ते दोन चौरस फूट पुरतं. चामडं चौरस फुटावर विकतात आणि शेळीचं अख्खं कातडं साधारण चार ते सहा फुटांचं भरतं, म्हणून दुकानदार कापून द्यायला कुरकुरतो. दोन मित्रांनी मिळून एक घ्या. किंवा हँडब्रेकचं कव्हरही त्यातच काढा, रंग जुळतो.

कातड्याचा पाठीचा भाग वापरा. पोटाकडचा भाग सैल असतो, तो ताणतो आणि सहा महिन्यांत बूट पोट सुटल्यासारखा दिसतो. डास-गोचिडांच्या चाव्याचे डाग उजेडात धरून बघा. तेवढे घडीच्या मागे लपवता येतात.

८. नॉब निघत नाही. जोर लावू का?

थांबा. आधी गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. मग नॉब कसा बसलाय ते शोधा. बुटाची फ्रेम आधी वर उचला (कशी ते प्रश्न ९ मध्ये), बूट उलटा करून खालून बघा. तिथे स्क्रू, पिन, क्लिप किंवा नट असला तर दिसेल.

आट्यांचा नॉब असेल तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून निघतो. कडक असेल तर हातात रबरी हातमोजा घाला. पक्कड लावायची वेळ आलीच तर नॉबला जुना पायमोजा गुंडाळा. खाली लॉकनट असेल तर तो पान्याने धरून मग नॉब फिरवा. नवीन नॉबही घेणार असाल तर आटे जुळले पाहिजेत: होंडाला साधारणपणे १० मिलिमीटर आणि १.५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) असतात, टोयोटाला १२ मिलिमीटर आणि १.२५ चे. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं खोक्यावर लिहिलेला नॉब आत तीन बारक्या स्क्रूंवर दांड्याला पकडतो. मला तो प्रकार आवडत नाही, ढिला होतो.

दाबून बसवलेला नॉब सरळ वर ओढून काढायचा. हनुवटी बाजूला ठेवून. तो सुटतो तेव्हा एकदम सुटतो. मी पहिल्यांदा ओढला तेव्हा तो माझ्याच नाकावर बसला आणि गिऱ्हाईक मला पाणी आणून देत होतं.

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत नॉब आणि बूट एकत्रच असतात आणि खाली पत्र्याचा एकदाच वापरायचा क्लॅम्प असतो. तो कापावाच लागतो, म्हणून नवीन क्लॅम्प हातात असल्याशिवाय जुना कापू नका. नॉबमधून वायर गेलेली दिसली तर फिरवणं तिथेच थांबवा.

९. जुना बूट न फाडता कसा काढायचा?

फ्रेमच्या मागच्या कडेपासून सुरुवात करा, तिथे बहुतेक गाड्यांत बोट जायला जागा असते. प्लास्टिकची पट्टी किंवा मुदत संपलेलं एटीएम कार्ड घाला. स्क्रू ड्रायव्हर नको, कन्सोलला पांढरा ओरखडा पडतो आणि तो जात नाही. सकाळच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ असतं. गाडी जरा उन्हात तापू दिली तर खटके नरम सुटतात. सोलापुरात उन्हाची तेवढीच एक चांगली सोय.

फ्रेम निघाली की सगळ्यात आधी तिच्या पुढच्या बाजूला खडूने खूण करा. बऱ्याच फ्रेमी चौकोनी दिसतात, पण पुढची आणि मागची बाजू सारखी नसते. ही खूण विसरलेले बूट माझ्याकडे दुरुस्तीला येतात.

१०. साचा कसा काढायचा? न्यूट्रलमध्ये माप घेतलं तर चालेल ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

बूट ही स्थिर वस्तू नाही. दांडा पाचव्यात जातो, रिव्हर्समध्ये जातो, आणि प्रत्येक वेळी बुटाची एक बाजू ढिली पडते आणि समोरची ताणली जाते. न्यूट्रलमध्ये मापात बसलेला बूट रिव्हर्समध्ये तोकडा पडतो. म्हणजे माप न्यूट्रलचं नाही, सगळ्यात लांबच्या गिअरचं घ्यायचं. पतंगाला जशी ढील देतो तशी बुटाला ढील द्यायची.

जुना बूट हाताशी असेल तर काम सोपं. शिवणी ब्लेडने उसवा, तुकडे सुटे करा, ओल्या फडक्याने पुसून जड पुस्तकाखाली रात्रभर सपाट ठेवा. मग पुठ्ठ्यावर उतरवा. दोन गोष्टी लक्षात ठेवा: एक, जुना रेक्झीन आक्रसलेला असतो, म्हणून उंचीत अर्धा सेंटिमीटर वाढवा. दोन, प्रत्येक तुकड्यावर पुढे, मागे, डावा, उजवा असं लिहा.

जुना बूट हरवला असेल किंवा चिंध्या झाल्या असतील तर दांड्यावर फ्रेम ठेवून सुतळीने मोजा. फ्रेमच्या प्रत्येक कोपऱ्यापासून नॉबखालच्या गळ्यापर्यंतचं अंतर सगळ्या गिअरमध्ये घ्या, इंजिन बंद ठेवून आणि क्लच दाबून. उदाहरण देतो. एका गाडीत पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून न्यूट्रलमध्ये १७ सेंटिमीटर भरलं, रिव्हर्समध्ये २१. मग त्या कडेची तयार उंची २२ धरायची. त्यावर शिवणीसाठी दोन्ही बाजूंना १-१ सेंटिमीटर, वर गळ्याला दुमडायला २, खाली फ्रेमला गुंडाळायला दीड. पुठ्ठ्यावर चार निमुळते तुकडे तयार होतात.

आणि थेट चामडं कापू नका. आधी जाड कापडाचा बूट शिवा. आपल्या गावात शाळेच्या युनिफॉर्मचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, कपडा शिवून उरलेले तुकडे कुणाकडेही मिळतील. त्या खाकी किंवा निळ्या कापडाचा बूट मोठ्या टाक्यांत शिवून गाडीत लावा आणि सगळे गिअर टाकून बघा. कुठेही कापड ताठ झालेलं दिसलं तर तिथे वाढवा. फार मोठा वाटला तर कमी करा, पण बेताने. चार सुरकुत्या दिसलेल्या बऱ्या.

११. घरच्या शिलाई मशीनवर शिवता येईल का?

पातळ शेळीचे दोन थर, तेही सावकाश, चाक हाताने फिरवत, जमतात. पण घरच्या मशीनचा पाय चामड्याला चिकटतो आणि टाके गोळा होतात. त्यावर पायाखाली बटर पेपर ठेवण्याचा उपाय आहे. शिवून झाल्यावर कागद फाडून टाकायचा. सुई चामड्याचीच हवी, टोकाला धार असलेली, १०० किंवा ११० नंबरची.

टाका साडेतीन ते चार मिलिमीटर लांब ठेवा. कपड्यासारखे बारीक टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि चामडं तिथूनच फाटतं. एकदा पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून उसवून पुन्हा शिवणं नाही. टाचण्याही नको, कागदाचे क्लिप लावा.

खात्री नसेल तर युनिफॉर्मच्या कारखान्यातल्या कारागिराला विचारण्याआधी सीट कव्हरवाल्याला विचारा. दोघांकडेही मोठी मशीन दिसतील, पण कापडाची मशीन वेगळी आणि वर-खाली दोन्हीकडून माल सरकवणारी वेगळी. चामड्याला ही दुसरी हवी.

१२. लाल दोऱ्याचे टाके घालायचेत. कुठला दोरा?

बाँडेड नायलॉन किंवा जाड पॉलिस्टर. सुती दोरा अजिबात नको, घामाने आणि घासून तुटतो. लाल छान दिसतो, पण आपल्या उन्हात हलक्या प्रतीचा लाल वर्षभरात गुलाबी होतो. राखाडी किंवा चामड्यापेक्षा एक छटा फिका दोरा जास्त देखणा दिसतो, असं माझं मत. गिऱ्हाईक ऐकत नाही, ते सोडा.

१३. नवीन बूट फ्रेमला आणि नॉबला कसा लावायचा?

फ्रेमवरचा जुना गोंद आणि पिना आधी पूर्ण काढा. मग फ्रेमला आणि चामड्याच्या आतल्या बाजूला रबर सोल्युशन लावा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, बोटाला चिकटेल पण तार धरणार नाही इतपत. आधी चारही बाजूंचे मध्य चिकटवा, कोपरे शेवटी. कोपऱ्यापासून सुरुवात केली की एक बाजू फिरलीच म्हणून समजा. नुसत्या सोल्युशनवर विसंबू नका. मे महिन्यात ते मऊ पडतं आणि चामडं हळूच सुटतं. बारीक स्टेपल मारा, किंवा मी करतो तसं फ्रेमला दीड मिलिमीटरची भोकं पाडून आरीने (चामडं शिवायच्या टोच्याने) चार-पाच टाके घाला. वेळ लागतो, पण मग ते काम परत येत नाही.

वरच्या तोंडाची युक्ती सोपी आहे, पण सांगितल्याशिवाय सुचत नाही. बूट उलटा करायचा, म्हणजे आतली बाजू बाहेर आणि फ्रेम वर. असा उलटा बूट दांड्यात घालून त्याचं अरुंद तोंड नॉबखालच्या खाचेत केबल टायने आवळायचं, टायचं शेपूट कापायचं, आणि मग फ्रेम खाली ओढून बूट सुलटा करायचा. टाय आत लपतो. फ्रेम बसवण्याआधी खडूची खूण आठवा.

१४. नवीन बूट लावल्यापासून पाचवा गिअर आपोआप निसटतो. गिअरबॉक्स गेला का?

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. वरचा केबल टाय कापा, बूट खाली सरकवून ठेवा आणि गाडी चालवून बघा. निसटणं थांबलं तर दोष बुटाचा. तोकडा आहे किंवा चामडं जाड आहे. थांबलं नाही तर मेकॅनिककडे जा, मग ते लिंकेज, बुश किंवा गिअरबॉक्सच्या आतलं काही असू शकतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या स्वतःच्या गाडीला शिवलेला पहिला बूट न्यूट्रलच्या मापाचा होता, आणि चामडंही चांगलं दीड मिलिमीटरचं, ‘मजबूत’ म्हणून. गावात काही कळलं नाही. पुण्याला निघालो, मोहोळ ओलांडलं, पाचवा टाकला की दांडा आपला हळूच मागे यायचा. टेंभुर्णीपर्यंत डाव्या हाताने दांडा दाबून धरून गेलो, तिथे चहाच्या टपरीवर सुरी मागून टाय कापला.

तोकडा बूट वाढवता येत नाही. गळ्याला वेगळी पट्टी जोडून दोन सेंटिमीटर मिळवता येतात, तेवढाच जुगाड.

१५. माझ्या गाडीत रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग वर ओढावी लागते. बूट कुठे बांधू?

रिंगच्या खाली, आणि रिंग पूर्ण वर गेली तरी बूट तिला धरणार नाही असा. रिंगेवर कधीच आवळू नका. रिव्हर्स पडणार नाही, किंवा वाईट म्हणजे रिंग वरच अडकून राहील आणि पुढच्या गिअरऐवजी चुकून रिव्हर्स शोधला जाईल. काही गाड्यांत कंपनीचा बूटच रिंगेच्या खालच्या कॉलरवर खटक्याने बसतो. तो कॉलर जुन्या बुटातून सोडवून नव्यात शिवा, फेकू नका. नॉब दाबून रिव्हर्स टाकायच्या गाडीत दांडा दाबल्यावर बूट खाली किती जातो तेही मापात धरा.

१६. बूट बदलल्यावर गाडीत आवाज वाढलाय.

जुन्या बुटाखाली फोमचा तुकडा होता का? तो जुन्यासोबत कचऱ्यात गेला असणार. पाच-सहा मिलिमीटरचा फोम फ्रेमच्या मापाने कापून खालून लावा, दांड्यापासून मोकळा. किर्रकिर्र आवाज असेल तर फ्रेमचा एखादा खटका बसला नाही.

१७. चामड्याची निगा कशी राखायची? तेल लावू का?

खोबरेल तेल नको. धूळ धरतं, आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. पायातल्या बुटाचं पॉलिशही नको, पँटला लागतं. ओलसर फडक्याने पुसा; वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, चामड्याचं साधं क्रीम बोटाने घड्यांत चोळा. भर उन्हात गाडी लावताना पुढच्या काचेला पडदा लावला तर क्रीमपेक्षा जास्त फायदा होतो.

शेंगाची चटणी सांडली, काय करू, हा प्रश्न वर्षाला दोनदा तरी येतो, म्हणून यातच उत्तर देतो. प्रवासात कडक भाकरी आणि चटणी गिअरशेजारी ठेवून खाणारे आपणच. चटणी झटकून टाका, घासू नका. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने झाडा. रंगाचा थर असलेल्या चामड्यावरून निघतं. उघड्या, मखमली चामड्यावरून पूर्ण निघत नाही.

१८. माझी गाडी एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) आहे. करता येईल?

बूट असेल तर फ्रेमचं काम तसंच. पण नॉबमध्ये बटण, वायर किंवा कुलुपाची दांडी असते, त्यामुळे तो फिरवायचा नाही. वरचं तोंड नॉब न काढता बंद करावं लागतं: बुटाची मागची शिवण उघडी ठेवून दांड्याभोवती गुंडाळायचा आणि गाडीतच हाताने शिवायचा. कंबर मोडते.

१९. आरटीओ किंवा वॉरंटीचा त्रास होईल का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी गाडी विसंगत होईल अशा बदलांबद्दल आहे. बुटाचं चामडं नोंदणी पुस्तकात नसतं. वॉरंटीत गाडी असेल तर जुना बूट फ्रेमसकट जपून ठेवा आणि नवीन बुटासाठी दुसरी फ्रेम घ्या. गिअरची तक्रार घेऊन सर्व्हिसला जाताना जुना लावून जा. वाद घालण्यापेक्षा पाच मिनिटांचं काम.

२०. जुन्या लेदर जॅकेटचा बूट करता येईल का? वडिलांचं आहे, टाकवत नाही.

येईल, आणि अशी कामं मला आवडतात. पाठीचा मोठा तुकडा घ्या. कोपर आणि खांद्याचं चामडं आधीच ताणलेलं असतं. जॅकेट बहुधा मेंढीचं आणि पातळ असतं, म्हणून अस्तर लावा. आधी एक कोपरा ओढून बघा. सहज फाटला तर चामडं मेलंय. मग त्याची किल्लीची पिशवी करा.

२१. बोलेरो आणि थारचं काय? थारला तर दोन दांडे आहेत.

बोलेरोचा लांब दांडा थेट गिअरबॉक्समधून वर येतो, त्यामुळे तो कारच्या दांड्यापेक्षा जास्त थरथरतो. ढील प्रश्न १० पेक्षा आणखी एक-दीड सेंटिमीटर जास्त द्या, आणि खालचा रबरी बूट चांगला असेल तरच वर चामडं लावा.

थारचा दुसरा दांडा फोर व्हीलचा, म्हणजे चारही चाकांना ताकद द्यायचा. त्याला वेगळा बूट शिवा. दोन्ही दांडे एकाच मोठ्या बुटात घालून द्या, अशी मागणी होते. मी ते करत नाही. एक दांडा हलला की दुसऱ्याकडचं चामडं ओढलं जातं. दुसऱ्या दांड्याचं माप घेताना तो प्रत्येक स्थितीत टाकून बघा, नुसता टू व्हीलवर (दोनच चाकांना ताकद) ठेवून नको. गाडी जागेवर उभी असताना तो कधीकधी लो मध्ये (कमी वेग, जास्त ताकद) पडत नाही. अशा वेळी गाडी हातभर पुढे-मागे ढकला, मग पडतो. ढकलायला मात्र जोडीदार बोलवा.